‘मुळासकट काढून टाका’ म्हणजे जास्त सुरक्षित का?

वाचक ताई तासगाव तालुक्यातल्या आहेत, वय ४९, घरची द्राक्षबाग. दोन महिन्यांपूर्वी अंघोळ करताना उजव्या स्तनात गाठ हाताला लागली. मिरजेत सोनोग्राफी, मॅमोग्राफी झाली, सुईने तुकडा काढून तपासला आणि कॅन्सर निघाला. गाठ अडीच सेंटिमीटरची, काखेत हाताला काही लागत नाही. डॉक्टर म्हणाले, फक्त गाठ काढून स्तन वाचवता येईल, मात्र नंतर तीन आठवडे रेडिएशन घ्यावं लागेल. ते नको असेल तर पूर्ण स्तन काढू. आठवड्यात ठरवून सांगा. घरात नणंदबाईंचं म्हणणं, “मुळासकट काढून टाक, जीवाशी खेळ कशाला?” जाऊबाई सांगतात, त्यांच्या आईची गाठ तेवढीच काढली होती, दोन वर्षांत गेल्या. मालक म्हणतात, “तू म्हणशील तसं.” ताई लिहितात : “मला वाचवावंसं वाटतं, पण तोंडाने म्हणायची लाज वाटते. या वयात रूपाचा हट्ट कशाला, असं सगळे म्हणतील. लेकीचं लग्न व्हायचंय. गोडी छाटणी तोंडावर आलीय. मी चुकीचं तर मागत नाही ना?”

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुम्ही चुकीचं काहीच मागत नाही. डॉक्टरांनी जे दोन रस्ते दाखवले, त्यातलाच एक तुम्ही निवडताय. वाचवण्यासारखं नसतं तर त्यांनी तो शब्द काढलाच नसता.

मी डॉक्टर नाही. पेशंटशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलण्याच्या खोलीत माझी बरीच वर्षं गेली, आणि तुमच्या वन्संचं वाक्य मी तिथे आठवड्यातून एकदा तरी ऐकायचे. ते बोलणारी माणसं वाईट नसतात. बहुतेक वेळा तीच रात्रभर वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसलेली असतात. वन्संनी बागेत तेच बघितलंय : काडीवर रोग आला की शेंडा खुडून भागत नाही, खालपर्यंत छाटावं लागतं. अंगालाही तोच नियम असेल, असं कुणालाही वाटेल.

डॉक्टरांनाही सत्तर-ऐंशी वर्षं तसंच वाटत होतं. अमेरिकेत बाल्टिमोरला विल्यम हॉल्स्टेड नावाचे सर्जन होते. १८९० च्या दशकात त्यांनी जे ऑपरेशन रूढ केलं, त्यात पूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी (प्रत्येकाच्याच काखेत असतात त्या लसीकाग्रंथी) असं सगळं एकत्र काढायचे. कॅन्सर गाठीपासून कडेकडेने सरकत जातो, म्हणून जितकं लांबून कापाल तितकं बरं, असा हिशोब होता. बायकांच्या छातीच्या फासळ्या दिसायच्या, खांदा आखडायचा, हात सुजायचा. आणि एवढं करूनही कित्येकींचा आजार पुढे हाडांत, फुफ्फुसांत निघायचाच.

हा हिशोब खरा आहे का, हे शेवटी कुणीतरी नीट तपासलं. इटलीत मिलानला उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ पासून ७०१ बायका घेतल्या, सगळ्यांची गाठ दोन सेंटिमीटरपर्यंतची. चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून निम्म्यांचं ते मोठं ऑपरेशन केलं, निम्म्यांचा गाठीपुरता भाग काढून रेडिएशन दिलं. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७६ पासून १,८५१ बायकांवर असाच अभ्यास केला. त्यात गाठी चार सेंटिमीटरपर्यंतच्या होत्या, म्हणजे तुमच्यासारख्याही. वीस वर्षं या बायकांवर लक्ष ठेवलं. दोन्ही अभ्यासांचे निकाल २००२ मध्ये छापून आले आणि दोन्हींचं उत्तर एकच होतं : किती बायका जगल्या, यात फरक नाही. पूर्ण काढलेल्या जास्त जगल्या नाहीत, वाचवलेल्या कमी जगल्या नाहीत.

आता यातला एक आकडा मी तुमच्यापासून लपवणार नाही, कारण वन्सं तोच विचारतील. मिलानच्या वाचवलेल्या गटात वीस वर्षांत ३० जणींच्या त्याच स्तनात पुन्हा कॅन्सर आला, पूर्ण काढलेल्या गटात त्या जागी ८ जणींना आला. म्हणजे तिथेच पुन्हा गाठ येण्याची शक्यता वाचवलेल्यांत थोडी जास्त असते. मग त्या जास्त मेल्या का नाहीत? कारण स्तनातल्या गाठीने जीव जात नाही. जीव जातो तो तिथून निघून लिव्हर, हाडं, फुफ्फुस यांत जाऊन बसलेल्या पेशींनी. त्या पेशी निघालेल्या असतील तर त्या ऑपरेशनच्या आधीच निघालेल्या असतात, आणि त्यांचा बंदोबस्त औषधांनी होतो, सुरीने नाही. स्तनातच परत गाठ आली, तर ती सापडल्यावर तेव्हा पूर्ण काढता येतो. आणि हे आकडे जुने आहेत. आजची औषधं आणि आजचं रेडिएशन यांमुळे पुन्हा येण्याचं प्रमाण त्याहून कमी झालंय.

जाऊबाईंच्या आईबद्दल. त्यांचं दुःख खरं आहे, त्यावर वाद घालू नका. पण शांतपणे एवढं विचारा, की त्यांना नंतर शेक, म्हणजे रेडिएशन, दिला होता का? फिशर यांच्या अभ्यासात एक तिसरा गट होता, नुसती गाठ काढलेला, रेडिएशन न दिलेला. त्यांच्यात वीस वर्षांत शंभरातल्या ३९ जणींच्या त्याच स्तनात आजार परत आला. रेडिएशन दिलेल्यांत १४ जणींच्या. त्या माउलीला शेक मिळाला होता की नाही, गाठ कोणत्या जातीची होती, किती उशिरा दाखवली, हे मला इथून कळणार नाही. पण ‘थोडंच काढलं म्हणून गेल्या’ हे त्या घरातलं एक वाक्य आहे, तुमच्या रिपोर्टमधलं नाही.

म्हणून स्तन वाचवायचं ठरवलंत तर एक गोष्ट पक्की बांधून घ्या : ऑपरेशन आणि शेक मिळून एक उपचार होतो. ऑपरेशन झालं, जखम भरली, बरं वाटतंय, आता बागेची कामं उरकून बघू, असं करणाऱ्या बायका मी पाहिल्यात. तसं करायचं असेल तर मग पूर्ण काढलेलं बरं, असंच मी तुम्हाला सांगेन.

आपल्याकडे शेकाला ‘करंट देणं’ म्हणतात आणि त्या शब्दानेच निम्मी माणसं घाबरतात. करंट बसत नाही, दुखत नाही. मशीनखाली हात डोक्यावर घेऊन पडून राहायचं, खोलीत जाऊन बाहेर यायला दहा-पंधरा मिनिटं. पूर्वी हे पाच आठवडे चालायचं. आता बहुतेकींना सोमवार ते शुक्रवार असं तीन आठवड्यांत पंधरा-सोळा वेळा घ्यावं लागतं, काहींना गाठीच्या जागेवर आणखी चार-पाच दिवस. कातडी काळवंडते, थकवा येतो. डोक्याचे केस याने जात नाहीत. घरी येऊन तुम्ही पोराबाळांना जवळ घेऊ शकता, तुमच्यापासून कुणाला काही होत नाही. तासगावहून मिरज रोज जाऊन येण्याजोगं आहे, एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. जत, आटपाडी किंवा माणकडच्या ज्या भगिनी हे वाचत असतील, त्यांना मात्र तीन आठवडे नात्यात कुठेतरी राहायची सोय आधी बघावी लागेल. ही सोय होणार नसेल तर ते डॉक्टरांना ऑपरेशनच्या आधी सांगायचं. तो कमीपणा नाही, निर्णयातलं ते एक वजनदार कारण आहे.

याची उलटी समजूतही तुमच्या पत्रात आहे. ‘पूर्ण काढलं की शेक नाही, केमो नाही, एकदाचं सुटलं.’ तसं नसतं. गाठ मोठी असेल किंवा काखेतल्या गाठींत आजार सापडला, तर पूर्ण स्तन काढूनही शेक लागू शकतो. केमो द्यायची की नाही हे तर किती कापलं यावर ठरतच नाही. ते गाठीच्या जातीवर आणि काखेवर ठरतं. तुकड्याच्या रिपोर्टमध्ये गाठीची जात सांगणारी इआर, पीआर आणि हर-टू अशी तीन नावं असतील, ती बघा. त्यावरून गोळ्या, केमो की आणखी काही, हे ठरतं.

आता मला ज्यावर खरं बोलायचंय ते.

ताई, तुमच्या घरात आठ दिवस स्तनावर चर्चा चाललीय आणि काखेबद्दल कुणी एक शब्द विचारलेला नाही. तुम्ही मांडवाखाली काम करणारी बाई. विरळणी असो की घडांना डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), दोन्ही हात डोक्याच्या वर, तासन् तास. काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या तर साधारण पाचातल्या एकीचा हात पुढे कधीतरी सुजतो, खांदा आखडतो, दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहतो. हा तुमचा उजवा हात आहे. स्तन राहिला काय, गेला काय, उद्या तुम्ही वेलीपर्यंत हात नेऊ शकाल का, हे काखेत काय केलं यावर जास्त अवलंबून आहे.

काखेत हाताला काही लागत नसेल, सोनोग्राफीतही साफ असेल, तर सगळ्या गाठी काढायची बहुतेक वेळा गरज नसते. ऑपरेशनच्या वेळी स्तनाग्राजवळ निळा रंग टोचतात, काही ठिकाणी त्याच्या जोडीला किरणोत्सारी द्रव्याचा थेंबभर डोस. स्तनातून निघालेला पाझर काखेतल्या ज्या गाठींत पहिल्यांदा पोचतो त्या निळ्या होतात. त्यांना सेंटिनल नोड म्हणतात, वेशीवरच्या राखणदारासारख्या गाठी. त्या दोन-तीनच काढून तपासायच्या. त्यांच्यात आजार नसेल तर मागच्या गाठींना हात लावायचा नाही. अशा बायकांत हात सुजण्याचं प्रमाण साधारण विसात एक इतकं खाली येतं. (ऑपरेशननंतर एक-दोन दिवस लघवी हिरवी-निळी होते, घाबरू नका, तो तोच रंग असतो.) ही तपासणी स्तन वाचवला तरी होते, पूर्ण काढला तरी होते. म्हणून डॉक्टरांना विचारा : माझ्या काखेत तुम्ही काय करणार आहात? सेंटिनल नोड तुमच्याकडे होतं का? होत नसेल तर कुठे होतं? मिरज-सांगली म्हणजे दवाखान्यांचं गाव, दुसरं मत घेण्यात कुणाचा अपमान होत नाही. पुण्याला किंवा मुंबईला टाटामध्ये कागद दाखवून परत इथेच ऑपरेशन करणाऱ्या पुष्कळ आहेत.

स्तन वाचवणं सगळ्यांना जमत नाही, हेही सांगायला हवं, कारण हे वाचणाऱ्या प्रत्येकीची गाठ तुमच्यासारखी नसेल. एकाच स्तनात वेगवेगळ्या कोपऱ्यांत गाठी असतील, मॅमोग्राफीत चुन्याचे बारीक ठिपके स्तनभर पसरलेले असतील, कातडी लाल होऊन सुजलेली असेल, छातीला आधी कधी शेक दिलेला असेल, तर डॉक्टर पूर्ण काढायलाच सांगतील. गाठ फार मोठी असेल तर कधी आधी केमो देऊन ती लहान करतात आणि मग वाचवता येतं. आणि वाचवायला घेतलेल्यांतही एक शक्यता राहते. काढलेल्या भागाच्या कडांना पॅथॉलॉजीत शाई लावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, कॅन्सरची पेशी त्या शाईला भिडली आहे का. भिडली असेल तर पुन्हा टेबलावर जाऊन आणखी थोडं काढावं लागतं, क्वचित पूर्णही. ही तयारी मनाची आधी करून ठेवा, म्हणजे तेव्हा ‘बघ, सांगितलं होतं’ असं कुणी म्हणालं तर कोसळायला होणार नाही.

आणि सगळं ऐकून, समजून तुम्हालाच पूर्ण काढावंसं वाटलं तर? तर तेही बरोबर. दर वर्षी मॅमोग्राफीच्या आधी पोटात गोळा येणं ज्यांना सोसत नाही, अशा बायका असतात. मिरजेला येणारी एक बाई आठवते. ऑपरेशननंतर जखमेतलं पाणी बाहेर काढणारी छातीतली नळी परकराच्या नाडीला बांधून फिरायची आणि रोज सकाळी बाटलीतलं पाणी मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहायची : ८०, ६५, ४०. दहाव्या दिवशी नळी निघाली. दोन महिन्यांनी आली तेव्हा तिने सुती कापडाची वाटीएवढी पिशवी शिवून आत मोहरी भरली होती, ब्लाऊजला आतून खिसा लावून त्यात ती बसवली होती. कापूस भरला तर हलका होतो, वर सरकतो, मोहरीला वजन असतं, असं तिने मला हातात देऊन दाखवलं. सिलिकॉनचे तयार कृत्रिम स्तन मिळतात, तेही चांगले. शिवाय पूर्ण काढताना त्याच वेळी किंवा नंतर पोटाच्या वा पाठीच्या मांसाने, नाहीतर इम्प्लांटने पुन्हा आकार करता येतो. हवा असेल तर ऑपरेशनच्या आधीच विचारायचं, कारण त्याप्रमाणे कातडी राखून ठेवतात. काहीच न करता सपाट छातीने समाधानाने जगणाऱ्याही आहेत.

पण निर्णय भीतीने झालेला नको आणि लाजेने तर नकोच. ‘रूपाचा हट्ट’ हा शब्द तुमच्या घरात अजून कुणी उच्चारलेला नाही, तो तुम्हीच स्वतःसाठी आणलाय. तुमच्या पत्रात रूपाबद्दल एक ओळ नाही. तुम्ही लिहिलंय, “दोन लेकरं याच्यावर वाढली, अंघोळीला बसले की हात आपोआप तिकडे जातो.” आपला अवयव आपल्या अंगावर राहावा असं वाटणं याला वय नसतं. बोट वाचत असेल तर ते कापून टाका असं पन्नाशीच्या माणसाला कुणी म्हणत नाही.

मालकांच्या ‘तू म्हणशील तसं’ला तुम्ही बेफिकिरी समजताय. असेलही, मी त्यांना ओळखत नाही. पण आपल्याकडच्या पुरुषांना स्तन हा शब्दच चारचौघांत उच्चारता येत नाही, मग त्यावर मत कुठून देणार? त्यांना मत मागू नका, काम द्या. फाइल त्यांच्याकडे द्या. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटायला सांगा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात, ऑपरेशन, केमो आणि शेक त्यात येतात, फक्त तो दवाखाना योजनेत आहे का हे आधी विचारायचं. हातात काम आलं की ते बोलायलाही लागतील.

लेकीच्या लग्नाचं. स्तनाचे शंभरातले पाच ते दहा कॅन्सरच आईबापाकडून आलेल्या दोषामुळे होतात. तुमचं वय पन्नाशीच्या आत असल्याने डॉक्टर रक्ताची जनुकीय तपासणी सुचवतील; न सुचवल्यास तुम्ही विचारा आणि ऑपरेशनच्या आधी विचारा, कारण तसा दोष निघाला तर कोणतं ऑपरेशन करायचं याचाच फेरविचार करतात. लेकीपासून हे लपवू नका. सोयरिकीत काय सांगायचं ते नंतर बघता येईल, पण तिच्या स्वतःच्या पुढच्या तपासण्यांसाठी तिला हे ठाऊक असलं पाहिजे.

वेळेचं बोलायचं तर, दोन-तीन आठवडे विचारात आणि दुसऱ्या मतात गेले तर बिघडत नाही. छाटणीनंतर, मग दिवाळीनंतर, मग माल गेल्यावर, असं मात्र करायचं नाही. गोडी छाटणी मजुरांची टोळी करेल. ‘सुरी लागली की पसरतो, आधी झाडपाल्याचं बघू’ म्हणणारा कुणीतरी येत्या आठवड्यात घरी येईलच. सुरीने किंवा तपासणीच्या सुईने कॅन्सर पसरत नाही, थांबून राहिल्याने पसरतो. आणि ऑपरेशननंतर परत मांडवात जाल तेव्हा उजव्या हातात हातमोजा घाला, काखेचं ऑपरेशन झालेल्या हाताला कात्रीची साधी चीरही चिघळू शकते. त्याआधी भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंत चढायचा व्यायाम, रोज एक बोटभर वर. कालची खूण खडूने करून ठेवायची.

डॉक्टरांकडे जाताना वहीचं एक पान लिहून न्या. आपण आत गेलो की अर्धं विसरतो. माझ्या गाठीला स्तन वाचवणं का जमेल किंवा का जमणार नाही, काखेत काय करणार, कडा साफ नाही आल्या तर पुढे काय, शेक कुठे आणि किती दिवस, पूर्ण काढलं तरी शेक लागण्याची शक्यता किती. आणखी एक लिहा. मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात १,५८३ बायकांपैकी निम्म्यांना गाठ काढण्याच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन दिलं, दात काढताना देतात तेच भुलीचं औषध. पाच वर्षांनी इंजेक्शन मिळालेल्या शंभरातल्या ९० जणी हयात होत्या, न मिळालेल्या ८६. अभ्यास एकच आहे, पण औषध स्वस्त आणि रोजच्या वापरातलं आहे. तुम्ही हे करता का, एवढं विचारायला काहीच हरकत नाही.

आणि वन्संना सोबत न्या. बाहेर बाकड्यावर नको, आत, तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसवा. पूर्ण काढलं तर ही जास्त जगेल का, हा प्रश्न त्यांनाच त्यांच्या तोंडाने डॉक्टरांना विचारू द्या.